चपलेने साखर उतरते का?

परवा आंबागडचे एक काका दवाखान्यात आले. मधुमेह जुना. साखर उतरेल या आशेने त्यांनी बाजारातून टोकदार गोळ्यांची ॲक्युप्रेशर चप्पल आणली होती. तळपायाला जखम झाली, पण पाय बधिर, दुखलेच नाही. चादरीवर डाग दिसला तेव्हा घरच्यांना कळले.

वाचकहो, चपलेने मधुमेह बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. चालताना स्नायू साखर वापरतात. गुण येतो तो चालण्याचा, श्रेय मात्र चप्पल घेते. अमेरिकेतही हेच झाले. खास तळव्याच्या बुटांनी पाय घडीव होतात, अशा जाहिरातींवर तेथील सरकारी आयोगाने पुराव्याअभावी आक्षेप घेतला. रीबॉकने २०११ साली अडीच कोटी, तर स्केचर्सने २०१२ साली चार कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

मधुमेह्यांनी टोचणारी चप्पल वापरू नये. मऊ एमसीआर रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी. अनवाणी फिरू नये. रोज रात्री आरसा धरून तळपाय पाहावेत. जखम दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

काकांची जखम आता भरत आली आहे. पाय वाचला, हे नशीब!