किरण दिलेला कांदा खावा का?

नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली विकिरण केंद्र उभारले. अशा केंद्रात कोबाल्ट-६० या धातूतून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडतात. त्याने कोंबाची वाढ खुंटते, साठवणीत कांद्याला मोड येत नाहीत.

‘असा कांदा खाल्ला तर किरण पोटात जातील,’ ही भीती मात्र मनातून काढून टाका. कोबाल्ट पोलादी नळीत बंद असतो, कांद्याला शिवतही नाही. किरण काही आरपार जातात, काही कांद्यात जिरतात. मागे उरत नाहीत. अहो, वाळवणाच्या मिरचीत ऊन साठून राहते का?

पण सड काही किरणांनी थांबत नाही. म्हणून माल चांगला सुकवून, कोंब हलण्याआधीच न्यावा. जाड मानेचा, मार लागलेला कांदा घरीच निवडून काढा. त्याचे गाडीभाडे फुकट जाते.