पश्चिमेची भिंत आणि खिडकी



जूनचा पाऊस गोव्यात आणि खानापूर, चंदगडच्या बाजूला सरळ पडत नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस होतो. त्याचा मारा सोसते ती घराची पश्चिमेची भिंत. पूर्वी तिला माडाच्या झावळ्यांच्या ताट्या बांधीत. आता बहुतेक ठिकाणी पत्रे मारतात. पत्रे मारले म्हणजे काम झाले असे मात्र नव्हे.

आमचाच अनुभव सांगतो. आमच्या निवासाच्या पश्चिमेच्या खिडकीतून पाणी येई. आम्ही गवंड्याकडून चौकटीच्या चारही बाजू सिमेंटने घट्ट बुजवून घेतल्या. दोन पावसाळ्यांत खालचे लाकूड कुजले आणि आतल्या भिंतीचे पोपडे निघाले. स्वयंपाक करणाऱ्या मावशी त्याच खोलीत निजत. त्यांचा दमा इतका वाढला की रात्री उठून बसावे लागे. चूक आमची होती. वरून शिरलेल्या पाण्याला बाहेर जायला आम्ही वाटच ठेवली नव्हती.

तेव्हा पाण्याला अडवावे, आणि तरीही शिरले तर बाहेरची वाट द्यावी, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

पत्रे भिंतीला चिकटवून न मारता उभ्या-आडव्या रिपांवर बसवावेत, म्हणजे मागे हवा खेळते. सुरुवात खालून करावी. वरचा पत्रा खालच्यावर वीतभर चढवावा. पश्चिमेच्या भिंतीवर उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेकडे यावे, म्हणजे सांध्याचे तोंड वाऱ्याकडे येत नाही. स्क्रूला रबरी वायसर घालावा. खालची कड जमिनीपासून वीतभर उंच ठेवावी, नाहीतर उडणारे पाणी आणि वाळवी दोन्ही वर चढतात. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे घरच्या घरी कापू वा फोडू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते.

खिडकीवर छज्जा असावा. चौकटीच्या माथ्यावर जस्ती पत्र्याची पट्टी बसवून तिची वरची कड वरच्या पत्र्याखाली सरकवावी. पत्र्यावरून आणून नुसती ठोकू नये. माथा व दोन्ही बाजू बुजवाव्यात, खालची फट मात्र बाहेरून पूर्ण लिंपू नये. खिडकीच्या तळाला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, आणि बाहेर आलेल्या भागाखाली बोटभर रुंद खाच पाडावी. थेंब त्या खाचेशी तुटतो, भिंतीकडे परत येत नाही.

चिऱ्याच्या जुन्या, मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीला कडक सिमेंटचा गिलावा देऊ नये. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटमागे ती कोंडून राहते.

ओलीचा प्रश्न केवळ रंगाचा नाही. ओल आणि बुरशी असलेल्या घरात खोकला व दमा अधिक आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. लहान मुले व वृद्ध यांची खाट ओल्या भिंतीपासून दूर ठेवावी.

आम्ही खिडकी उघडून पुन्हा नीट बसविली. पुढच्या पावसाळ्यात भिंत कोरडी राहिली, आणि मावशींना रात्रीची झोप लागू लागली. आपणही मे महिन्यातच घराभोवती एक फेरी मारावी. बादलीभर पाणी खिडकीवर ओतून पाहावे. ते कोठे जाते हे पाहिले म्हणजे दुरुस्ती कोठे हवी ते आपोआप कळेल.