आधी भाव, मग गाडी : व्यवसायात माहिती तंत्रज्ञानाचे स्थान

संगणक म्हणजे हिशेब जलद करणारे यंत्र, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. माहिती कोणाकडे व केव्हा पोहोचते, यावर व्यवहारात कोणाची बाजू बळकट राहणार हे ठरते. म्हणूनच माहिती तंत्रज्ञान हा व्यवसायाच्या धोरणाचा भाग होय. मध्य प्रदेशातील सोयाबीन-खरेदीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

पूर्वी शेतकरी गाडी भरून मंडीत जाई. आपल्या मालाचा भाव त्याला लिलावाच्या वेळीच कळे. भाव पडलेला असला, तरी वाहतुकीचा खर्च होऊन गेलेला असल्याने माल परत नेणे परवडत नसे. दुसरीकडे, मोठ्या खरेदीदार कंपनीलाही मध्यस्थांमार्फतच माल घ्यावा लागे. त्यामुळे तिचा खर्च वाढे व मालाच्या दर्जाची खात्री राहत नसे.

सन २००० मध्ये आयटीसी या कंपनीने तेथे ‘ई-चौपाल’ योजना सुरू केली. गावातीलच एका विश्वासू शेतकऱ्याच्या घरी संगणक बसविण्यात आला. त्या शेतकऱ्यास ‘संचालक’ म्हणत. दूरध्वनीची जोडणी बेभरवशाची ठरल्याने पुढे उपग्रहाचा आणि विजेच्या टंचाईमुळे सौरऊर्जेचा उपयोग करण्यात आला. मंडीचे व कंपनीचे भाव गावातच समजू लागले. भाव पसंत पडल्यास शेतकरी माल कंपनीच्या केंद्रावर नेई. अन्यथा मंडीचा मार्ग मोकळाच असे. केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन होऊन रोख रक्कम मिळे.

अर्थशास्त्रज्ञ अपराजिता गोयल यांचा याविषयीचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ही केंद्रे सुरू झाल्यावर मंडीतील सोयाबीनच्या भावातही सरासरी १ ते ३ टक्के वाढ झाल्याचे त्यात आढळले. शेतकऱ्यापुढे दुसरा पर्याय आहे, हे ओळखून व्यापाऱ्यांनाही भाव वाढवावा लागला. अर्थात, मंडीतच माल विकणाऱ्यांनाही लाभ झाला.

मात्र हे केवळ यंत्राने घडले नाही. मंडीबाहेर खरेदी करण्यास शासनाची परवानगी, गावाचा विश्वास असलेला माणूस आणि चोख वजन यांची जोड त्याला होती. शिवाय एकाच खरेदीदाराच्या माहितीवर विसंबणे हिताचे नसते. दोन-तीन ठिकाणचे भाव पडताळून पाहणे इष्ट.

सहकारी संस्थांनी व ग्रामपंचायतींनी संगणक घेण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : या माहितीमुळे कोणाचा कोणता निर्णय बदलणार आहे? याचे उत्तर स्पष्ट असेल, तरच त्यावरील खर्च सार्थकी लागेल.