कोळ्याच्या जाळ्यावर टांगलेलं घर

जळगाव-धुळ्याकडे दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी छातीठोकपणे सांगतं, की आमच्या अंगणात हमिंगबर्ड आला होता. आलेला नसतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतले. त्यांतला सगळ्यात चिमुकला क्युबात राहतो, वजन जेमतेम दोन ग्रॅम. आपल्या जास्वंदीवर दिसतो तो शिंजीर. हमिंगबर्ड नात्याने पाकोळीच्या जवळचा, तर शिंजीर चिमणीच्या गणातला. फुलातला रस पिण्याची लांब चोच दोघांनी आपापल्या वाटेने कमावली. शिंजीर क्षणभर हवेत तरंगतो, पण शक्यतो फांदीवर बसूनच पितो. तिन्हीसांजेला फुलापुढे एका जागी भिरभिरणारं काही दिसलं, तर तो बहुधा पतंग असतो.

चोच पुरली नाही, तर हा पक्षी लांब फुलाला बुडाशी भोक पाडून रस चोरतो. पळसाशी मात्र त्याचा व्यवहार चोख आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-पालकडे पळस फुलला की मैना, बुलबुल, कोतवाल सगळेच तिथे जमतात. तरी अभ्यासकांना परागीभवनाच्या खऱ्या कामाचा पक्षी आढळला तो जांभळा शिंजीरच; जोडीला खार. आमराईवाल्याला ही कामसू वृत्ती परवडत नाही. आंब्यावरच्या बांडगुळाची फुलंही शिंजीरच फळवतो आणि त्याचं बी फुलटोच्या पसरवतो. कोकणातल्या या जोडगोळीवर सलीम अलींनी 1931 मध्ये लिहून ठेवलं आहे. रावेर-यावलच्या केळीबागांत तर सगळा फुकटचा मामला. लागवडीच्या केळीला फळ धरायला परागकण लागतच नाहीत. शिंजीर केळफुलातला रस पितो आणि निघून जातो.

पण मला पाहायचं होतं ते घरट्याचं काम. खान्देशात घरट्याचा विषय निघाला की आसोद्याच्या बहिणाबाईंचा खोपा आठवणारच. प्रत्यक्षात सुगरणीचा खोपा विणतो नर. अर्धा झाला की मादी येऊन पाहते, पसंत पडला तर राहते. एकट्या बाईच्या कारागिरीचं कौतुक करायचं, तर ते शिंजीर मादीचं करावं.

जळगावातल्या एका जुन्या कॉलनीत, पोर्चमधल्या बल्बच्या वायरवर चैत्रात हे काम सुरू झालं. पहिला माल कोळ्याचं जाळं. मादी ते पत्र्याखालून, कंपाउंडच्या कोपऱ्यातून चोचीत गुंडाळून आणायची आणि वायरभोवती फिरत चिकटवायची. वायर गुळगुळीत, त्यामुळे आधी बरंचसं गळून पडलं. पडलेलं उचलायला ती खाली उतरली नाही, नवं आणत राहिली. जाळ्याने एकदा पकड घेतली, की त्याला गवताच्या काड्या, सालीचे तुकडे, वाळकं पान, अळ्यांची विष्ठा, कागदाचे कपटे लटकू लागतात. या टप्प्यावर ते कुणालाच घरटं वाटत नाही आणि नेमकं तेव्हाच झाडून टाकलं जातं. घरच्या काकूंनीही झाडू उचललाच होता.

"काकू, राहू द्या. घर बांधतेय ती."

"हे घर? बरं, मग दिवा नाही लावत."

पिल्लं उडेपर्यंत पोर्चमध्ये अंधार राहिला.

लोंबता ढीग पुरेसा वाढला की मादी त्यात शिरते. पंख किंचित उघडून ती अंग गोल फिरवते आणि आतून पोकळी करते. बाहेरून दिसतो तो फक्त हलणारा ढीग. मग बाजूला दार आणि दारावर पुढे आलेली छोटीशी छपरी. अस्तर सगळ्यात शेवटी. कापसाच्या मुलखात राहून तिने आणल्या त्या रुईच्या म्हाताऱ्या. सगळं काम पाच ते दहा दिवसांत उरकतं.

नर या काळात गातो. ऐन हंगामात तो लांबून काळा दिसतो. ऊन पडलं की निळा-जांभळा झळकतो, रंगात आला की खांद्याजवळचे पिवळे-नारिंगी तुरे फुलवून दाखवतो. दुसऱ्या नराला हाकलतो. दुसरा नर नसेल तर मोटरसायकलच्या आरशातल्या स्वतःशी भांडतो. काडी एक आणत नाही. कवींनी आणि फोटोवाल्यांनी याच्यावरच जीव टाकावा, हे मला तरी पटत नाही.

अंडी बहुधा दोन. ती पंधरा ते सतरा दिवस मादीच उबवते. बाहेर पारा पंचेचाळिशीकडे सरकलेला असताना ती आत बसलेली असते आणि दारातून फक्त चोच दिसते. भर वैशाखात सावलीचा पोर्च तिने का निवडला असेल, हे जळगावकराला वेगळं सांगायला नको. पिल्लं निघाल्यावर मात्र नर कामाला लागतो. दोघं मिळून भरवतात, मुख्यतः किडे आणि कोळी. नुसत्या गोडावर पिल्लू वाढत नाही. ज्या कोळ्यांच्या जाळ्यावर घर उभं राहिलं, तेच कोळी पिल्लांच्या तोंडात जातात.

पावसाळा सरता सरता नराची पिसं गळतात. काकूंना वाटलं, काळा निघून गेला. तो समोरच्या झुडपात होता, मादीसारखाच मळकट पिवळा. गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा वेगळा.