यंत्रयुगांतील शेतकरी व नित्याचा व्यायाम

शेतकऱ्यास व्यायामाचा उपदेश करणें म्हणजे कोळ्याच्या पोरास पोहावयास शिकविणें होय, असें ह्या लेखाचें नांव वाचतांच कित्येक वाचकांस वाटेल. कांहीं वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखकासही तसेंच वाटत असे. पहांटे उठावें, मळ्यांत जावें, दिवस मावळल्यावर परतावें. मग तालमीची गरज शहरांतील कारकुनास, आपणांस नव्हे, अशी आमची ठाम समजूत होती. एके दिवशीं पंपाचा फुटव्हॉल्व्ह तुंबला म्हणून जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतरून खालीं जावें लागलें. उतरतांना कांहीं वाटलें नाहीं. वर येतांना मात्र दोन वेळां बसावें लागलें. पायऱ्या अवघ्या चाळीस. ह्याच विहिरीवर आमचे आजोबा साठी उलटल्यावरही मोट हांकीत असत, असें वडील सांगत. त्या रात्रीं झोंप लागली नाहीं, आणि शेतांत जाणें व शेतांत श्रम करणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत हें प्रथमच ध्यानांत आलें.

आपले श्रम गेले कोठें, ह्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. बैलांच्या नांगराचें तास नऊ इंच, म्हणजे सुमारें २३ सेंटिमीटर रुंद धरलें, तर एक एकर नांगरून होईपर्यंत नांगऱ्यास सुमारें साडेसतरा किलोमीटर चालावें लागे. आणि तेंही ढेकळांतून, रुमण्यावर हाताचा दाब ठेवून. दिवसांत अर्धा एकर उरकला तरी जवळ जवळ नऊ किलोमीटर झाले. कुळवाची फास तीन फुटांची धरली तरी एकरीं सुमारें साडेचार किलोमीटर होतात. पेरणी, कोळपणी, मोटेमागची धांव, खळ्यावरची उपणणी ह्यांची पायपीट ह्याखेरीज. ह्या कामांस कोणी जोर-बैठकांचें नांव दिलें नव्हतें, परंतु जोर-बैठकांचें काम तीं करीत होतीं. आज रोटाव्हेटर तें सर्व बसल्या जागीं उरकतो. मळणी यंत्रावर होते. मोटर फोनवरून चालू-बंद करतां येते. आणि मालक फटफटीवरून बांधापर्यंत जाऊन, उभ्याउभ्या पाहणी करून परत येतो. भाकरी मात्र नांगऱ्याच्या काळाइतकीच राहिली आहे, व तिच्या जोडीस दिवसभर गोड चहा आला आहे.

यंत्रें नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यानें मोट हांकली आहे तो पुन्हां तिच्याकडे वळणार नाहीं, व वळूंही नये. पण यंत्रानें जें काढून घेतलें तें दुसरीकडून भरून काढावें लागतें, एवढें तरी मान्य केलें पाहिजे.

बसून काम करणें व उभें राहून, हिंडून काम करणें ह्यांतील भेद लंडन शहरांतील बसगाड्यांवर प्रथम ठळकपणें दिसून आला. डॉ. जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, दुमजली गाडीचे जिने दिवसभर चढणाऱ्या वाहकांस, त्याच गाडीवर बसून असणाऱ्या चालकांपेक्षां हृदयविकार कमी होतो असें आढळलें. चालक मुळांतच अधिक स्थूल होते हें पुढें त्याच मंडळींनीं दाखविलें. तथापि नंतरच्या अनेक अभ्यासांनीं मूळ मुद्दा दृढच केला. आपण वाहकाचे चालक झालों आहोंत, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल.

मधुमेहाची गोष्ट तर घरोघरची झाली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर गेल्याचें दिसलें. शहरांत प्रमाण अधिक असलें तरी खेडीं सुटलेलीं नाहींत. ह्या रोगाचा व स्नायूंचा संबंध सरळ आहे. जेवणानंतर रक्तांत उतरलेली साखर सांठविण्याची व खर्चण्याची शरीरांतील मोठी कोठी म्हणजे स्नायु. स्नायु हलूं लागला कीं तो रक्तांतील साखर ओढून घेतो. इन्सुलिनचें काम मंद झालें असतांही हा मार्ग बराचसा उघडा राहतो. म्हणूनच जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटें सावकाश चालल्यानें साखरेचा चढ कमी होतो. उलट चाळिशीनंतर स्नायु आपोआप झिजूं लागतो व न वापरल्यास लवकर झिजतो. युरियाचें पोतें २०१८ सालापासून पन्नासाऐवजीं पंचेचाळीस किलोंचें झालें, तरी तें आपणांस पूर्वींपेक्षां जड लागतें, ह्याचें कारण कारखान्यांत शोधूं नये.

व्यायाम किती करावा, ह्याविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेलें प्रमाण असें: प्रौढ माणसानें आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम करावे, व निदान दोन दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम करावा. मध्यम श्रम कोणते हें ओळखण्याची खूण सोपी आहे: चालतां चालतां बोलतां येतें पण अभंग म्हणतां येत नाहीं, ती चाल मध्यम. बळासाठीं आपल्याकडील जुने प्रकार पुरेसे आहेत. औंध संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. तेथील अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांनीं सूर्यनमस्काराचा प्रसार केला, त्यास चटईएवढ्या जागेपलीकडे कांहीं लागत नाहीं. गुडघे कुरकुरत असतील त्यानें बाजेवरून हात न टेकतां दहा वेळां उठावें व बसावें. तेवढ्यानेंही मांड्या जाग्या होतात.

येथें एक शंका निघेल कीं, खुरपणी करणाऱ्या बाया तर दिवसभर राबतात, त्यांस व्यायाम कशास? श्रम त्यांस पुरून उरतात हें खरें. पण वांकून एकाच ढबीनें केलेलें काम कंबर झिजवितें. त्यांस मधून मधून उठून पाठ ताणण्याची सवड मालकानें द्यावी. ही सवड मजुरींतून कापूं नये, हें सांगावें लागूं नये, पण लागतें.

आतां खरी अडचण. व्यायाम चांगला हें कोणास ठाऊक नाहीं? तो टिकत नाहीं, हेंच दुखणें. विहिरीच्या प्रसंगानंतर आम्हीं दिवाळीच्या पाडव्यास मोठ्या उत्साहानें आरंभ केला. बूट आणले, मुद्गल आणला. उसाची तोड लागली तशी पहिल्याच आठवड्यांत खाडा पडला, व मुद्गल पडवींत दाराला टेंकण म्हणून उभा राहिला. चूक अशी होती कीं, रोज सकाळीं मनास विचारीत होतों, आज जावयाचें काय? थंडींत मन नाहींच म्हणणार.

लंडनच्याच एका विद्यापीठांतील संशोधकांनीं ९६ जणांवर केलेला व २०१० सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग ह्या बाबतींत उपयोगी आहे. प्रत्येकानें एक लहान कृति रोजच्या एखाद्या ठराविक गोष्टीला जोडावयाची होती. ती अंगवळणी पडावयास सरासरीनें ६६ दिवस लागले. कोणास १८ दिवस पुरले, तर कोणाचा हिशेब २५४ दिवसांवर गेला. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसें बिघडलें नाहीं. म्हणजे खाडा पडणें हा दोष नव्हे. खाड्यानंतर आतां मोडलेंच म्हणून सोडून देणें, हा दोष.

जोडण्यास गोष्ट अशी निवडावी कीं जी आपण न केल्यास दुसरा कोणी तरी ओरडेल. आमच्या घरीं दुभतीं जनावरें आहेत. धार निघाली कीं दूध संकलन केंद्रावर पोंचलेंच पाहिजे. तेथें जावयास पायीं वीस मिनिटें लागतात. तें काम गड्याकडून काढून आपणांकडे घेतलें. दोन्हीं हातांत सारख्या वजनाच्या किटल्या घेतल्या म्हणजे खांदे व मनगटेंही राबतात. परत येतांना हात मोकळे, चाल जलद. म्हशीस आपला उत्साह विचारावा लागत नाहीं. ज्याच्याकडे दुभतें नाहीं त्यानें ठिबकाच्या नळ्या तपासण्याची फेरी, मुलांस शाळेच्या वाटेवर पोंचविणें, असें कांहीं पाहावें. जेथें वीज रात्रपाळीची असते तेथें पहांटेचा हट्ट धरूं नये; अपुऱ्या झोंपेवर केलेला व्यायाम टिकत नाहीं, सायंकाळ बरी.

लाज ही आणखी एक अडचण, व ती लहान नाहीं. दारांत मोटारगाडी असतां मालक किटल्या घेऊन पायीं चालला, हें पाहून पारावर कुजबुज झाली. ऊस गेला पण बिल आलें नाहीं वाटतें, असेंही कोणी म्हणालें. पायीं चालणें हें दारिद्र्याचें लक्षण अशी समजूत आपणच पिढीभर जोपासली आहे. महिनाभरांत कुजबुज थांबली. पुढें त्यांतील एकास डॉक्टरानें साखर सांगितली. तो आतां वाटेंत गांठतो.

चाळिशीपुढील ज्यांस छातींत दुखणें, दम लागणें किंवा रक्तदाब आहे, त्यांनीं आधीं वैद्यकीय सल्ला घ्यावा. इन्सुलिन किंवा साखर उतरविणारीं औषधें चालू असल्यास खिशांत गुळाचा खडा ठेवावा. उन्हाळ्यांत सूर्य वर येण्यापूर्वीं आटोपावें.

गेल्या आषाढांत ओढ्याला पाणी आलें व नऊ दिवस वाट बंद होती. दूध शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून गेलें, आणि आम्हीं पडवींत बारा बारा नमस्कार घातले. त्यांतही दोन दिवस चुकले. दहाव्या दिवशीं किटल्या पुन्हां हातीं घेतल्या. विहिरीच्या चाळीस पायऱ्या आतां न बसतां चढतों. पंचविसाव्या पायरीवर मात्र क्षणभर थांबावें लागतें.