असमान श्रेणींतील महाविद्यालयीन फुटबॉल सामने : अर्थकारण व क्रीडामूल्य

अमेरिकेत महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन प्रामुख्याने 'एनसीएए' ही संस्था करते. अमेरिकन फुटबॉलसाठी तिने १९७८ मध्ये प्रथम विभागाचे दोन गट पाडले. २००६ पासून वरचा गट 'एफबीएस' व खालचा 'एफसीएस' या नावाने ओळखला जातो. संघामागे शिष्यवृत्त्यांची मर्यादा दीर्घकाळ अनुक्रमे ८५ व ६३ होती.

ही विषमता असूनही उभय गटांत सामने होतात, याचे कारण मुख्यतः आर्थिक आहे. मोठ्या विद्यापीठास स्वतःच्या मैदानावर तिकीटविक्री व बहुधा सोपा विजय मिळतो. लहान संस्थेस निकाल काहीही लागला तरी पूर्वनिश्चित हमी रक्कम मिळते. तिच्या क्रीडाविभागास या रकमेचा मोठा आधार असतो.

मात्र श्रेणी म्हणजे गुणवत्ता नव्हे. १ सप्टेंबर २००७ रोजी अ‍ॅपलाचियन स्टेटने राष्ट्रीय क्रमवारीत पाचव्या असलेल्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४-३२ असे हरविले. विजेता संघ २००५ व २००६ मध्ये आपल्या गटाचा अजिंक्यवीर होता. या निकालानंतर 'असोसिएटेड प्रेस'ने आपल्या क्रमवारीत खालच्या गटातील संघांनाही मत देण्याची मुभा दिली.

तथापि असे विजय अपवादात्मकच होत. हमी रक्कम संस्थेच्या तिजोरीत जमा होते; बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी झुंजताना होणाऱ्या दुखापतीचा धोका मात्र विद्यार्थी पत्करतो. म्हणून अशा कराराचे मूल्यमापन केवळ जमाखर्चावरून न करता विद्यार्थिहिताच्या कसोटीवरही होणे आवश्यक आहे.