तयार कॉम्प्युटर की जोडलेला? निर्णय कसा घ्यावा

(व्याख्यानाचं शब्दांकन. प्रश्नोत्तरांतले निवडक दोन प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय घरगुती आहे, पण सध्या बऱ्याच घरांत आणि छोट्या ऑफिसांत त्यावर वाद चालू आहेत. कारण साधं आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे अजून धडधाकट चालणारे पुष्कळ कॉम्प्युटर बदलायची वेळ आली आहे. मग घरात प्रश्न येतो: कंपनीचा तयार घ्यायचा, की 'असेंबल' करून घ्यायचा?

मी फक्त टेबलावरच्या कॉम्प्युटरबद्दल, म्हणजे डेस्कटॉपबद्दल बोलणार आहे. लॅपटॉप आपण जोडत बसत नाही, तो तयारच घेतो.

आधी एक घोळ दूर करू. आपण दोनच पर्याय धरतो, पण ते तीन आहेत. एक, कंपनीचा तयार. दोन, सुटे भाग निवडून दुकानदाराकडून जोडून घेणं. तीन, भाग आणून स्वतः जोडणं. दुसरा आणि तिसरा एकच समजले जातात, पण त्यांत मोठा फरक आहे. बिघाड शोधायचा कुणी, हा तो फरक. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते सगळा निर्णय तिथेच अडतो.

मुळात कॉम्प्युटर जोडता येतो हेच थोडं विचित्र आहे. फ्रीज आपण जोडून घेत नाही. कॉम्प्रेसर एका कंपनीचा, दार दुसऱ्या कंपनीचं, असं कुणी म्हणत नाही. (हशा) कॉम्प्युटरचं तसं का झालं? ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमनं आपला पीसी बाजारात आणला. तो घाईत तयार करायचा होता, म्हणून त्यांनी पुष्कळसे भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. आतल्या रचनेची तांत्रिक माहितीही त्यांनी छापून विकायला ठेवली, म्हणजे इतरांना त्याची कार्डं बनवता यावीत. त्यांच्या हातात राहिला तो मुख्यतः बायोस, म्हणजे मशिन सुरू होताना चालणारा पहिला प्रोग्रॅम. कॉम्पॅक कंपनीनं त्याच्यासारखंच काम करणारा बायोस स्वतंत्रपणे लिहिला, आणि १९८३ मध्ये त्यांचं आयबीएमशी जुळणारं मशिन विक्रीला आलं. मग दार उघडलंच. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं: मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, भोकं कुठे, जोडण्या कुठे. आज मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका दुकानातून कॅबिनेट घेतलं आणि पलीकडच्या दुकानातून मदरबोर्ड घेतला, तरी स्क्रू बरोबर भोकात बसतो, तो या ठरलेल्या मापामुळे.

आता पैशांचं बोलू. 'असेंबल केलेला स्वस्त पडतो' असं आपण वर्षानुवर्षं ऐकतो. हे कधी खरं असतं आणि कधी नसतं?

साधं ऑफिसचं मशिन घ्या. टायपिंग, हिशेब, इंटरनेट. इथे मोठ्या कंपन्या हजारोंनी भाग घेतात, विंडोजही त्यांना घाऊक दरात मिळतं. तुम्ही तेच भाग किरकोळ भावानं घेणार आणि वर विंडोजचं लायसन्स वेगळं घेणार. या पातळीवर बचत फार उरत नाही. कधी कधी तयार मशिनच स्वस्त पडतं.

मग दुकानदाराचं कोटेशन कमी कसं दिसतं? बहुतेक वेळा त्यात विंडोज धरलेलंच नसतं. 'ते टाकून देतो हो' असं तो म्हणतो. म्हणजे बिनपरवान्याचं. तुलना करायची तर दोन्हीकडे विंडोज धरा, दोन्हीकडे १८ टक्के जीएसटी धरा, आणि मग बघा. लिनक्सवर भागणार असेल तर लायसन्सचा खर्च दोन्हीकडून काढा. पण एका बाजूला धरून दुसऱ्या बाजूला सोडून देऊ नका.

याउलट व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, मोठे गेम यांसाठी ग्राफिक्स कार्ड लागतं. तिथे जोडलेल्या मशिनचा फायदा दिसतो. पैसा कुठे घालायचा हे तुम्ही ठरवता. एडिटिंगवाला रॅम आणि एसएसडीवर जास्त खर्च करेल, गेम खेळणारा ग्राफिक्स कार्डावर. तयार मशिनमध्ये कंपनीनं ठरवलेलं ताट येतं. तुम्हाला भात नको असला तरी तो ताटात असतोच.

आता फसगत कुठे होते ते सांगतो. 'आय-फाइव्ह आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. इंटेलचा आय-फाइव्ह २००९ पासून आहे. म्हणजे आय-फाइव्ह म्हटलं तर पंधरा वर्षांपूर्वीचा असू शकतो आणि अलीकडचाही. त्याच्या पुढचा आकडा वाचा. आय-फाइव्ह ३४७० म्हणजे तिसरी पिढी. आय-फाइव्ह १२४०० म्हणजे बारावी. स्वस्त जोडलेल्या मशिनमध्ये वापरलेला जुना प्रोसेसर आणि नवं चकचकीत कॅबिनेट, असा प्रकार बाजारात सर्रास दिसतो. बाहेरून कळत नाही, आणि विंडोज ११ च्या अटीत ते बसत नाही.

आणखी एक अक्षर लक्षात ठेवा. इंटेलच्या आकड्यापुढे नुसता 'एफ' असेल, जसं १२४००एफ, तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय नसते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मशिन चालू होतं, पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच. थोडे पैसे वाचतात म्हणून लोक तो घेतात आणि मग डोक्याला हात लावतात.

तयार मशिनमध्येही बघायच्या गोष्टी आहेत. रॅमची दुसरी पट्टी बसवायला जागा रिकामी आहे का? एसएमपीएस आणि मदरबोर्ड सर्वसाधारण मापाचे आहेत, की कंपनीचे खास? पुस्तकाएवढ्या छोट्या डब्यांत बहुतेक खास मापाचेच असतात. वॉरंटी चालू आहे तोवर अडचण नाही. पाचव्या वर्षी एसएमपीएस गेला, की तोच शोधत फिरावं लागतं. जोडलेल्या एटीएक्स मशिनचा एसएमपीएस मात्र जिल्ह्याच्या गावी सहज मिळतो.

म्हणजे पहिली काही वर्षं तयार मशिन सोयीचं, आणि नंतरची वर्षं जोडलेलं. हे गणित किमतीच्या कागदावर दिसत नाही.

वॉरंटीचंही तसंच आहे. तयार मशिनची वॉरंटी बऱ्याचदा एक वर्षाची किंवा तीन वर्षांची असते, पण ती पूर्ण मशिनची. काय बिघडलं ते शोधणं कंपनीचं काम. जोडलेल्या मशिनमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, आणि अनेकदा जास्त. डबाबंद प्रोसेसरला सहसा तीन वर्षं, चांगल्या एसएसडीला तीन ते पाच. ऐकायला हे छान वाटतं. पण मशिन चालूच होत नाही तेव्हा दोष रॅमचा, मदरबोर्डचा की एसएमपीएसचा? ते कळल्याशिवाय कुठल्या कंपनीकडे जाणार? ते शोधायला एकेक भाग बदलून बघावा लागतो, आणि त्यासाठी जास्तीचे भाग हाताशी लागतात. दुकानदाराकडे ते असतात. तुमच्या घरी नसतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायातला फरक म्हणालो होतो, तो हा.

जोडूनच घ्यायचं ठरलं तर चार गोष्टी सांभाळा.

पहिली, एसएमपीएसवर काटकसर नको. आपल्या २३० व्होल्टच्या एसी विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज तो तयार करतो आणि सगळ्या भागांना तीच जाते. निकृष्ट एसएमपीएस जळताना शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा टाळा. ८० प्लस हा शिक्का बघा. तो कार्यक्षमतेचा शिक्का आहे, सगळ्या गुणवत्तेची हमी नाही, पण निवडीची सुरुवात तिथून करता येते.

दुसरी, जुळणी. प्रोसेसरचा सॉकेट आणि मदरबोर्डचा सॉकेट एकच हवा. डीडीआर४ ची रॅम डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही. खाचेची जागाच वेगळी आहे, जोर लावू नका.

तिसरी, पक्कं बिल. प्रत्येक भागाचं नाव, मॉडेल आणि सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. 'आय-फाइव्ह सेट, एक नग' असं बिल वॉरंटीच्या वेळी कुचकामी ठरतं. डबेही जपून ठेवा.

चौथी, स्वतः जोडत असाल तर घाई नको. पहिल्यांदा एक संध्याकाळ जाते. भागांना हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या एखाद्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते.

थोडक्यात, दुकानात जाण्याआधी तीन प्रश्न कागदावर लिहा. मशिन दोन दिवस बंद राहिलं तर माझं काय अडेल? बिघडल्यावर पहिला फोन कुणाला करणार? आणि हे मशिन मला किती वर्षं चालवायचं आहे? उत्तरं लिहिली की दुकानदाराच्या बोलण्यानं तुम्ही वाहवत जाणार नाही.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, आमचं तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. जून-जुलैत प्रवेशाची गर्दी असते. आम्ही काय घ्यावं?

उत्तर: दादा, तुमच्या प्रश्नातच जून-जुलै आला. फॉर्मची शेवटची तारीख आहे आणि मशिन बंद आहे, तर तुमचंही नुकसान आणि त्या मुलाचंही. म्हणून कंपनीचं तयार मशिन, घरपोच सेवेच्या वॉरंटीसह, आणि मोठ्या टॉवरच्या आकाराचं. पण घेण्याआधी तुमच्या पिन कोडला खरोखर माणूस येतो का, ते कंपनीच्या नंबरावर फोन करून विचारा. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर थांबू नका. येत नसेल, तर गावातला भरवशाचा दुकानदार धरा. त्याच्याकडून जोडून घ्या, आणि बिघाड झाल्यास किती तासांत बदली मशिन देणार ते बिलावर लिहून घ्या. तुमच्या धंद्यात जुना कॉम्प्युटर विकूही नका. विंडोज ११ त्यावर चालत नसेल तर लिनक्स टाकून कोपऱ्यात ठेवा. फॉर्म ब्राउझरमध्येच भरायचे असतात, अडचणीच्या दिवशी तो उभा राहील. फक्त प्रिंटर आणि स्कॅनर त्यावर चालतात का, ते गर्दीच्या आधी तपासून ठेवा.

प्रश्न: माझी मुलगी बारावीला आहे. ती म्हणते, मीच जोडते. तिला जोडू द्यावं का? पैसे वाया जायची भीती वाटते.

उत्तर: ताई, घरात दुसरा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप आहे का? आहे म्हणता, मग द्या. आठ दिवस उशीर झाला तरी अभ्यास अडणार नाही. पण आधी तिला भागांची पूर्ण यादी करायला सांगा. प्रत्येक भागापुढे मॉडेल, किंमत, वॉरंटी किती आणि तो शेजारच्या भागाशी जुळतो हे कशावरून, एवढं तिनं लिहायचं. ती यादी घेऊन दोन दुकानांत जा आणि चुका काढायला सांगा. यादी टिकली की खरेदी करा. सगळे भाग शक्यतो एकाच दुकानातून घ्या, म्हणजे काही अडलं तर तपासायला एक जागा राहते. आणि जोडताना प्रोसेसर बसवायच्या वेळी तिला हाका मारू नका. (हशा) सॉकेटमधल्या बारीक पिना एकदा वाकल्या, की ती दुरुस्ती सहसा वॉरंटीत बसत नाही.